मुलगा पर्मनंट आहे का?

गेल्या महिन्यात एका रविवारी असरच्या नमाजनंतर आमचे एक जुने स्नेही घरी आले. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ, वयाने आमच्यापेक्षा मोठे. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला बायोडाटा काढला आणि आमच्यापुढे ठेवला.

"भाई, हा मुलगा तुमच्या ओळखीचा आहे असं कळलं. धाकटीसाठी रिश्ता आला आहे. घरचे लोक चांगले आहेत, मुलगा नमाजी आहे, कॉम्प्युटरचं शिकलेला आहे. फक्त एवढंच सांगा, पर्मनंट आहे का?"

मुलगा आमच्या चांगलाच ओळखीचा होता. आम्ही खरे ते सांगितले, "नाही चाचा. पुण्याच्या एका कंपनीत काम करतो, पण कंत्राटावर."

त्यांनी बायोडाट्याची घडी पुन्हा घातली. म्हणाले, "मग काम तितकंसं येत नसणार. येत असतं तर कंपनीने कायम केलं नसतं का?"

आम्ही त्यांच्याकडे आठ दिवस मागितले. कारण प्रश्न एका मुलाचा राहिला नव्हता. आज आपल्या घराघरातील मुले-मुली बी.सी.ए., बी.सी.एस., अभियांत्रिकी करून आयटीत जात आहेत आणि त्यांतील पुष्कळांची पहिली नोकरी कंत्राटाचीच असते. कंत्राटी म्हणजे कच्चा आणि कायम म्हणजे पक्का, हा हिशेब खरा आहे का? आठ दिवसांनी चाचांना आम्ही जे सांगितले, तेच या वेळी वाचकांपुढे ठेवत आहोत.

आधी चाचांची बाजू समजून घेतली पाहिजे. आपल्या नाशिकमध्ये पर्मनंट या शब्दाला मोठे वजन आहे. नाशिकरोडचे सिक्युरिटी प्रेस सुमारे शंभर वर्षांचे आहे आणि नोटांचे प्रेस १९२८ पासून चालू आहे. पुढे ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. प्रेसमध्ये किंवा ओझरला चिकटला म्हणजे घर झाले, मुलांचे शिक्षण झाले, म्हातारपणाची सोय झाली. ज्यांनी ही सुरक्षितता अनुभवली, त्यांनी जावयासाठी तीच मागावी यात चुकीचे काहीच नाही. चूक पुढच्या पायरीवर होते. नोकरी सुरक्षित आहे की नाही हा एक प्रश्न आणि माणूस लायक आहे की नाही हा दुसरा. चाचांनी पहिल्याचे उत्तर घेऊन दुसऱ्याचाही निकाल लावून टाकला.

चाचांना आम्ही त्यांच्याच प्रेसमधले उदाहरण दिले. आपल्यापैकी अनेकांनी उमराहसाठी किंवा हजसाठी पासपोर्ट काढला असेल. पासपोर्ट सेवा केंद्रात तीन खिडक्या असतात. 'ए' खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो निघतो, बोटांचे ठसे घेतले जातात. तिथे बसलेली मुले सरकारी नोकर नसतात. परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये टीसीएस या कंपनीशी करार केला, २०१० मध्ये बेंगळुरूत पहिली केंद्रे सुरू झाली आणि तेव्हापासून हे काम कंपनीची माणसे करतात. 'बी' खिडकीवर कागदपत्रांची पडताळणी होते आणि 'सी' खिडकीवर मंजुरी मिळते. त्या दोन्ही ठिकाणी सरकारी अधिकारी असतात. आणि ज्या कोऱ्या पुस्तिकेवर शेवटी आपले नाव उमटते, ती छापली जाते आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. आता चिप बसवलेले ई-पासपोर्टही तिथूनच निघतात.

म्हणजे एकाच पासपोर्टला कंत्राटी कंपनीचा हात लागतो, सरकारी अधिकाऱ्याचा लागतो आणि प्रेसच्या कामगाराचाही. यांत लायक कोण, असे विचारले तर काय सांगणार? 'ए' खिडकीवरची मुलगी दिवसभरात कितीतरी लोकांचे अर्ज भरभर हाताळते, तो वेग 'सी' खिडकीवर लागत नाही. पण एखाद्याच्या जन्मतारखेत घोळ असला तर पासपोर्ट द्यायचा की थांबवायचा, हा निर्णय त्या मुलीला घेता येत नाही. तिला अक्कल नाही म्हणून नव्हे, तो अधिकार तिच्याकडे दिलेला नाही म्हणून. पुष्कळ वेळा आपण ज्याला लायकीचा फरक म्हणतो, तो खरे तर अधिकाराचा आणि जबाबदारीचा फरक असतो.

आता त्या मुलाबद्दल. तो आमच्या ओळखीचा कसा झाला, हे सांगताना आम्हाला आमचीही एक चूक सांगावी लागणार आहे.

आम्ही शहरातील एका छोट्या शिक्षण संस्थेच्या कामाशी जोडलेले आहोत. काही वर्षांपूर्वी फीचा हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचे ठरले. आमच्या कार्यालयातील कायम क्लार्कना आम्ही ते काम दिले होते. दोन वर्षे गेली, काम पुढे सरकले नाही. मग हा मुलगा आला. त्याने नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली होती. ठरावीक रकमेवर त्याने काम घेतले आणि सहा आठवड्यांत फीची पूर्ण व्यवस्था उभी केली. पावती निघू लागली, थकबाकीची यादी एका बटणावर येऊ लागली. कमिटीच्या बैठकीत आम्हीच म्हणालो की पगारी माणसांना दोन वर्षांत जमले नाही ते या पोराने दीड महिन्यात केले.

पुढच्या जूनमध्ये ऐन प्रवेशाच्या दिवसांत ती व्यवस्था अडली. एकाच घरातील दोन-तीन भावंडे असली की आमच्याकडे फीमध्ये सवलत दिली जाते. वडील हयात नसलेल्या मुलांसाठी वेगळा नियम आहे. यांतले काही नियम कधी कागदावर आलेलेच नव्हते. मशीन प्रत्येकाला पूर्ण फी लावू लागले. एक बेवा भगिनी तीन मुलांच्या फीचा आकडा पाहून काही न बोलता कार्यालयाबाहेर पडल्या. आमच्या त्याच क्लार्कनी त्यांना दारातून परत बोलावले. त्यांच्याकडे हाताने लिहिलेली जुनी वही होती आणि कोणत्या घराला किती सवलत, का आणि कधीपासून, हे त्यांना तोंडपाठ होते. आठवडाभर त्यांनी रात्री उशिरापर्यंत बसून पावत्या हाताने दुरुस्त केल्या. त्या वर्षीचे प्रवेश त्या वहीमुळे पार पडले.

मुलगा तोपर्यंत पुण्याला गेला होता. कमिटीत त्याच्यावर खापर फुटले. कंत्राटी माणूस असाच असतो, काम टाकून जातो, असे बोलले गेले. त्या वेळी आम्ही गप्प बसलो. वास्तविक आम्हाला माहीत होते की सवलतीचे नियम त्याला कुणी सांगितलेच नव्हते. क्लार्कना त्याच्याशेजारी चार दिवस बसवावे, हे आमच्यापैकी कुणाला सुचले नाही. कामाची माहिती लिहून दे, असे आम्ही करारात घातले नव्हते. आणि त्याचा शेवटचा हप्ता आम्ही दोन महिने उशिरा दिला होता. मजुरी वेळेवर द्या, हे जुम्याच्या बयानात आपण मान डोलावून ऐकतो. तरीही फोन केल्यावर तो शनिवारी पुण्याहून आला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत सारे दुरुस्त करून, वेगळा पैसा न घेता परत गेला.

या प्रकरणातून आम्हाला जे कळले ते थोडक्यात असे. कंत्राटी माणसाला प्रत्येक नव्या ठिकाणी स्वतःला सिद्ध करावे लागते. त्याला बसून शिकायला कुणी पगार देत नाही, म्हणून तो स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या पैशाने शिकतो. पाच ठिकाणी पाच प्रकारची कामे पाहिल्यामुळे त्याची नजर रुंद होते. पण आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहायला तो बहुधा तिथे नसतो. त्यामुळे चुकीतून मिळणारे शिक्षण त्याला कमी मिळते. कायम माणसाचे उलटे असते. एखादी गोष्ट तशी का आहे, हे त्याला ठाऊक असते. आपण केलेले काम वर्षभराने आपल्याच गळ्यात येणार, हे माहीत असल्याने तो जपून करतो. पण तोच माणूस निर्धास्त झाला आणि नवे शिकणे सोडले, तर दहा वर्षांचा अनुभव म्हणजे एकाच वर्षाची दहा वेळा उजळणी ठरते. लायकी दोघांकडे असू शकते आणि आळस दोघांनाही शिवू शकतो. फरक एवढाच की त्यांची परिस्थिती त्यांना वेगवेगळ्या गोष्टी शिकवते.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. मालेगावच्या यंत्रमागावरचा कारागीर किती काम झाले त्यावर पैसे घेतो. नेमणुकीचे पत्र त्याने कधी पाहिलेले नसते. पण कोणाच्या हातचे कापड बिनडागाचे उतरते, हे शेठजींना आणि मोहल्ल्याला बरोबर माहीत असते. तिथे कुणी त्याचा हुद्दा विचारत नाही, कापड पाहतात.

मोठ्या कंपन्यांचे काय, असे चाचांनी विचारले. लायक माणसाला त्या कायम करतच असतील ना? तर त्याचेही उत्तर इतिहासात आहे. अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीत एकेकाळी कायम नोकरांना निळा बिल्ला आणि कंत्राटी लोकांना नारिंगी बिल्ला असे. दोघे एकाच गटात, एकाच साहेबाखाली, तेच काम करीत. काही जण वर्षानुवर्षे नारिंगी बिल्ल्यावरच होते. तिथल्या आयकर खात्याने तपासणी केली आणि हे लोक प्रत्यक्षात कंपनीचे नोकरच आहेत असे ठरवले. पुढे त्या कामगारांनी १९९२ मध्ये दावा लावला आणि २००० साली कंपनीने ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०१९ मध्ये तर गूगलसाठी काम करणाऱ्या तात्पुरत्या आणि कंत्राटी लोकांची संख्या कायम नोकरांपेक्षा जास्त असल्याची बातमी आली होती. कंपनी एखाद्याला कंत्राटावर ठेवते ते त्याला काम येत नाही म्हणून नव्हे. विमा, रजा आणि ग्रॅच्युइटीचा खर्च वाचावा आणि काम संपले की सहज कमी करता यावे म्हणून ठेवते. तो कंपनीचा हिशेब असतो, मुलाची गुणपत्रिका नव्हे.

उलट कायम नोकरीही आता चाचांच्या काळासारखी राहिलेली नाही. खासगी आयटी कंपनीत पर्मनंट म्हणजे ज्याच्या करारावर शेवटची तारीख लिहिलेली नाही, एवढाच अर्थ उरला आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक नोकर कमी करण्याचे जाहीर केले. ते सारे कायमच होते. त्या धक्क्यातून ज्याच्या हातात चालू काळाचे काम आहे तो लवकर सावरतो, मग त्याच्या ओळखपत्रावर काहीही लिहिलेले असो.

याचा अर्थ नोकरीचा प्रकार विचारूच नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर विचारावा, पण नेमका विचारावा. कंत्राटाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचे हक्क वेगळे आहेत.

पहिला प्रकार म्हणजे कंत्राटदारामार्फत काम. पगार दुसऱ्याच एजन्सीकडून येतो, बसायचे मात्र मोठ्या कंपनीत. यासाठी १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता. तरी कंत्राट बंद झाले म्हणून कामगार आपोआप कायम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केले. कंत्राट केवळ दाखवण्यापुरते असेल तर मात्र दाद मागता येते. या प्रकारात भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का आणि तो खात्यात जमा होतो का, हे पासबुकात पाहावे. निधीचा यूएएन क्रमांक आयुष्यभर एकच असतो. एजन्सी बदलली की नवे खाते काढून जुने विसरून जाऊ नये.

दुसरा प्रकार म्हणजे कंपनीनेच एक-दोन वर्षांच्या मुदतीवर थेट नेमणे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मुदतीच्या नोकराला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एक वर्षाच्या सेवेवर ती मिळण्याची तरतूद आहे. ही मोठी सुधारणा आहे आणि अनेक मुलांना ती माहीतच नाही.

तिसरा प्रकार सल्लागाराचा. आकडा मोठा दिसतो, पण त्यातून १० टक्के कर कापला जातो. निधी नाही, रजा नाही, विमाही नाही. इथे हातात येणाऱ्या रकमेतून स्वतःचा आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा आणि आजारपणाचे दिवस वजा करून मगच कायम पगाराशी तुलना करावी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मागील १२ महिन्यांत ८० दिवस काम केले असेल तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. केवळ कंत्राटावर आहे म्हणून तो जात नाही. आपल्या मुली संकोचाने नोकरी सोडून देतात. त्यांनी आधी हक्क मागावा.

आणि ज्या घरातील मिळवता माणूस कंत्राटावर आहे, त्या घराने सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोठी खरेदी आणि लग्नातील दिखावा लांबणीवर टाकावा. दोन कंत्राटांच्या मधले रिकामे दिवस येणारच, हे धरून चालावे. त्या दिवसांत घरच्यांनी मुलाला टोमणे मारू नयेत. हे दिवस नवे शिकण्याचे असतात. टोमण्यांनी ते मिळेल ती नोकरी धरण्यात जातात.

आपल्यापैकी जे स्वतः काम देतात, दुकानदार, दवाखानेवाले, शाळेच्या कमिट्या, त्यांच्यासाठी आमचा अनुभव पुरेसा आहे. बाहेरच्या माणसाला काम द्याल तर आपला एक जुना माणूस त्याच्याशेजारी बसवा. पासवर्ड संस्थेच्या नावावर ठेवा. केलेल्या कामाची माहिती लिहून घ्या आणि ते लिहिण्याचेही पैसे द्या. ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी द्या.

शेवटी चाचांना आम्ही सूरह कससमधील एका प्रसंगाची आठवण करून दिली. हजरत मूसा (अलै.) मिसर सोडून मदयनला पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे घर नव्हते, रोजगार नव्हता, ओळखही नव्हती. विहिरीवर त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. त्यांतील एकीने आपल्या वडिलांना सुचवले की यांना कामावर ठेवा आणि कारण दिले ते दोन गुणांचे, अंगात ताकद आहे आणि माणूस विश्वासू आहे. मग ठरले काय? आठ वर्षांच्या चाकरीचा करार, दहा पूर्ण केली तर त्यांची मर्जी. आणि त्याच बोलणीत निकाहही ठरला. मुदतीच्या करारावरचा माणूस त्या बुजुर्ग वडिलांनी जावई म्हणून पसंत केला. त्यांनी दोनच गोष्टी पाहिल्या, कामाची कुवत आणि अमानतदारी. पहिली आहे आणि दुसरी नाही, असा कुशल माणूस पासवर्ड घेऊन निघून जातो. दुसरी आहे आणि पहिली नाही, तर भला माणूसही काम बिघडवून ठेवतो. कायम असो की कंत्राटी, दोन्ही लागतात.

मग आम्ही त्यांना फीची सगळी हकिगत सांगितली. मुलगा पैसे उशिरा मिळूनही पुण्याहून आला होता, हेही सांगितले आणि त्याच्यावर खापर फुटले तेव्हा आम्ही गप्प होतो, हेही सांगितले. कारण रिश्त्याच्या चौकशीत दिलेली माहिती ही अमानत असते. ती अर्धी देऊन चालत नाही.

चाचा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "पैसे दिलेत ना पण नंतर त्याचे?"

"दिले. पण माफी मागायची राहिली आहे," आम्ही म्हणालो.

"ती मागून घ्या," ते म्हणाले. बायोडाटा त्यांनी पुन्हा खिशात ठेवला. "निधी कापला जातो का ते विचारतो. किती महिन्यांचा करार आहे तेही विचारतो. आणि घरी जाऊन आधी धाकटीलाच विचारतो, तिला काय वाटतं."

रिश्ता जमेल की नाही, हे अल्लाहलाच माहीत. आम्ही त्याच रात्री इशानंतर पुण्याला फोन लावला.